आपलेपण नेमके कुणाचे?

सरहद्दीवरचा एकाकी सैनिक आदिवासींत जातो, त्यांची भाषा शिकतो आणि त्यांचाच होऊन जातो. ही कथा वाङ्मयाच्या वर्गात 'परात्मतेवर मात' म्हणून शिकवली जाते. आमचा तिलाच आक्षेप आहे. मायकेल ब्लेक यांच्या 'डान्सेस विथ वुल्व्ज' या १९८८ च्या कादंबरीत ती जमात कोमांची आहे. १९९० च्या चित्रपटात ती लाकोटा झाली. जमात बदलली तरी कथेचे काही अडले नाही. सैनिक मात्र तोच राहिला. ज्यांच्यात सामावायचे तेच बदलता येत असतील, तर हे सामावणे कसले?

असा नायक शोधायला आम्हां सटाणेकरांना दूर जावे लागत नाही. बागलाण खानदेशात मोडत होते त्या काळी, १८२५ मध्ये, मुल्हेर परिसरातले बंड मोडण्यात लेफ्टनंट जेम्स औट्रम पुढे होता. त्याच वर्षी त्याने धरणगावी भिल्ल पलटण उभारायला घेतली. भिल्लांबरोबर तो वाघाच्या शिकारी करी, त्यांच्यात वावरे. ही जवळीक खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण तिचे फळ काय? भिल्लांच्याच हाती बंदूक देऊन भिल्लांचा बंदोबस्त! १८३५ मध्ये औट्रमने खानदेश सोडला. १८६३ मध्ये त्याचे दफन झाले ते वेस्टमिन्स्टर ॲबेत. त्याच्या पलटणीतल्या एका तरी भिल्लाचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

आमच्या वर्गात भिल्ल आणि कोकणा मुले बसतात. 'नायकाला आपलेपण कुठे गवसले?' हा प्रश्न त्यांना आजवर पुष्कळदा विचारून झाला. 'त्याला आपला म्हटल्यावर आपले काय गेले?' हा प्रश्न आम्ही त्यांना कधी विचारणार?