परीक्षकाचीच परीक्षा

टेस्टर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? मुठीत छोटा दिवा असलेला स्क्रू-ड्रायव्हर! तो नव्हे. आज बोलायचंय ते इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ओळखणाऱ्या टेस्टरविषयी. एक पाटी, छोटा पडदा, एक बटण आणि 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. डायोड, ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, काहीही लावा, बटण दाबा. तो लगेच त्याचं नाव-गाव सांगतो.

कसं जमतं त्याला? आत बहुधा अ‍ॅटमेगा 328 नावाची चिप असते. टेस्टरला टोकं तीन. एकाला अधिक, दुसऱ्याला उणे, तिसरं मोकळं, अशा एकूण 6 जोडण्या होतात. (कागदावर मांडून बघा, सातवी सापडणार नाही!) प्रत्येक जोडणीत वीज कशी वाहते, यावरून चिप भाग ओळखते. काय करायचं हे तिला सांगणारा, तिच्यातच साठवलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांनी तो सुरू केला, कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी वाढवला, आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला.

आता बारामती-इंदापूरचा उन्हाळा आठवा. पंखा गरगरायचं सोडून रेंगाळतोय. छताच्या पंख्यात बऱ्याचदा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. टेस्टरने 1.4 दाखवले तर कंडेन्सर थकला. अडीचच्या आसपास दाखवले तर दोष दुसरीकडे. पण टेस्टरच आजारी असेल तर? चांगला कंडेन्सर कचऱ्यात जाईल आणि पंखा तसाच रेंगाळत राहील.

थांबा, आधी एक सक्त सूचना. पंखा किंवा विहिरीची मोटार तुम्ही उघडायची नाही. ते काम वायरमनकाकांचं. काढलेला कंडेन्सर त्यांच्याकडूनच पूर्ण रिकामा करून घ्या. 230 व्होल्टच्या विजेचं शिखर 325 व्होल्टपर्यंत जातं आणि कंडेन्सर ते पोटात धरून बसू शकतो. तुम्हाला झटका बसेल तो बसेलच, पण 5 व्होल्टवर जगणारी ती चिपही जागच्या जागी मरेल. हे टेस्टर मरतात ते बऱ्याचदा असेच.

समजा, टेस्टर विचित्र वागतोय. पडदा उजळतो नि विझतो, किंवा एकच भाग दर वेळी वेगळा आकडा देतो. बरेच जण लगेच म्हणतात, 'फर्मवेअर बिघडलं!' मला विचाराल तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. नुसती मोजली तर ती 8 व्होल्ट दाखवेलही, पण काम पडलं की बसते. वस्तीवर मोटार सुरू झाली की घरातला बल्ब क्षणभर मंदावतो ना? तसंच. म्हणून टेस्टर चालू असताना मल्टिमीटरने बॅटरी मोजा. 5 व्होल्ट देणाऱ्या साध्या रेग्युलेटरला वर आणखी सुमारे 2 व्होल्ट लागतात. म्हणजे 7 च्या खाली भरवसा संपला. बॅटरीची टोपीही हलवून बघा, तिची तार आतून तुटलेली असू शकते.

दुसरी खूण तर फार मजेशीर आहे. बटण दाबून धरलं तरच पडदा पेटतो आणि सोडलं की अंधार! बटण फक्त सुरुवात करून देतं. पुढे चिप जागी होऊन एका ट्रान्झिस्टरकरवी स्वतःचा वीजपुरवठा स्वतःच धरून ठेवते. ती जागीच झाली नाही तर धरणार कोण? नवी बॅटरी घालूनही असंच होत असेल, तर मात्र तो ट्रान्झिस्टर, चिप किंवा फर्मवेअर यांच्याकडे वळायचं.

टेस्टर चालतोय, पण आकडे पटत नाहीत? मग ओळखीचा पाहुणा पाठवा. तपकिरी-काळा-लाल आणि शेवटी सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर 950 ते 1050 ओहमच्या मध्ये दिसायला हवा. त्यानंतर तिन्ही टोकं तारेने एकमेकांना जोडून बटण दाबा. बऱ्याच टेस्टरमध्ये याने स्वतःची तपासणी सुरू होते. मध्येच तो टोकं मोकळी करायला सांगतो, काही तर टोक 1 आणि 3 मध्ये एक चांगला कंडेन्सरही मागतात. पडद्यावरचं वाचत वाचत करा, घाई नको.

फर्मवेअर बदलायची वेळ क्वचितच येते. पडद्याचा प्रकार आणि चिपच्या पायांची जोडणी यांच्याशी नवं फर्मवेअर जुळलं नाही, तर पडदा कोरा राहतो किंवा अक्षरं उलटी येतात. शिवाय अनेक तयार टेस्टरमधल्या चिपला कुलूप असतं, त्यामुळे जुनं फर्मवेअर आधी उतरवून ठेवता येत नाही. वर नवं लिहिलं की जुनं कायमचं गेलं!

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. बॅटरी मोजा, एकदा टेस्टर बंद असताना आणि एकदा चालू असताना. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. महिन्याने पुन्हा मोजा आणि दोन्हींतलं अंतर किती वाढलं ते बघा.