नोकऱ्या अनेक, हिशेब मात्र एकाच खुर्चीचा

मराठी मध्यमवर्गात मुलगा नोकरी ‘धरत’ नाही, तो नोकरीला ‘चिकटतो’. या एका क्रियापदात गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील एका संपूर्ण पिढीचे अर्थशास्त्र सामावलेले आहे. विशीत बँकेत, विमा कंपनीत, रेल्वेत, टपाल खात्यात किंवा महापालिकेत चिकटायचे, मधल्या काळात बढती, बदली आणि घरासाठी कर्ज, आणि अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडायचे, असा हा सरळ प्रवास होता. नोकरी वारंवार बदलणाऱ्याविषयी ‘कुठे टिकत नाही’ असा शेरा मारला जाई आणि लग्नाच्या बोलणीत तो पुरेसा प्रतिकूल ठरत असे.

आज त्याच घरातील पुढची पिढी तिशी ओलांडण्यापूर्वीच तिसऱ्या किंवा चौथ्या नोकरीत असते आणि त्याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही. कालचा विक्री प्रतिनिधी आज कॉल सेंटरमध्ये असतो, उद्या विम्याचा सल्लागार होतो. कारखान्यातील कंत्राटी कामगार काही वर्षांनी रिक्षा चालवतो, नंतर खाद्यपदार्थ घरपोच पोहोचवतो आणि पन्नाशीनंतर एखाद्या सोसायटीच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. एका आयुष्यात अनेक कामे हे वास्तव समाजाने स्वीकारले आहे. कायद्याने आणि सामाजिक सुरक्षेच्या व्यवस्थेने मात्र ते अद्याप पुरतेपणी स्वीकारलेले नाही. तिथला हिशेब आजही मुख्यत: एका खुर्चीवर किती वर्षे काढली, याचाच आहे.

अल्पसंख्याकांचे स्थैर्य

मुळात आयुष्यभराची एकच नोकरी हा आपल्याकडे कधीही सार्वत्रिक नियम नव्हता. सरकारच्याच २०२३-२४च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारदारांचे प्रमाण सुमारे २१.७ टक्के होते. ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात होते, तर उरलेले रोजंदारीवर. म्हणजे ज्या पगारी जगाला शहरी वाचक ‘सर्वसाधारण’ समजतो, ते प्रत्यक्षात जेमतेम पाचव्या हिश्श्याचे जग आहे. त्यातही सुरक्षित आणि कायम नोकरी असलेले आणखी कमी.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहासही हेच सांगतो. कोकणातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून आलेला गिरणी कामगार शेतीच्या हंगामाला गावी जाई आणि परत येई. कायम कामगारांच्या जोडीला हजारो ‘बदली’ कामगार असत. रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचे, नाहीतर त्या दिवसापुरते दुसरे काही शोधायचे. वर्षानुवर्षे बदलीवर काढलेले कामगार गिरणगावात कमी नव्हते. ‘गिग’ हा शब्द नवा असेल, पण कामाची ही अनिश्चितता लालबाग-परळला जुनीच आहे.

चढणीच्या आणि उतरणीच्या वाटा

काम बदलणे हे आपोआप चांगले नसते, तसे वाईटही नसते. कविवर्य नारायण सुर्वे यांनी घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, गिरणीतील कामगार, महापालिकेच्या शाळेतील शिपाई अशी कामे केली आणि पुढे ते शिक्षक झाले. १९९५मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ही चढणीची वाट होती. मात्र ती चढताना नवे शिक्षण घेण्याची संधी आणि महापालिकेसारख्या संस्थेतील स्थिर पगार यांचा आधार होता, हे विसरता येत नाही.

याउलट १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर जे घडले, ती उतरणीची वाट होती. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपानंतर अनेकांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. साचे चालवणाऱ्या कुशल हातांना त्या कौशल्याची गरज असलेली दुसरी जागा शहरात उरली नाही. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वडापावची, कोणी पहारेकरी झाला, कोणी गावी परतला. घरातील बायकांनी खानावळी चालवून, पापड लाटून संसार सावरले. या कामगारांनी काम बदलले हे खरे, परंतु वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव नव्या कामात शून्य ठरला. वय वाढले होते आणि सुरुवात मात्र पुन्हा तळापासून करावी लागली.

शिवाय कोणते काम कोणाला खुले, हाही प्रश्न आहेच. गिरण्यांमध्ये विणकाम खात्याचा पगार तुलनेने चांगला असे. पण धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने विटाळाच्या कल्पनेपायी अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे ठामपणे मांडला होता. वंशपरंपरेने ठरलेले काम सोडता येणे हीच ज्यांच्यासाठी मुक्ती होती, त्यांच्या दृष्टीने काम बदलण्याचे स्वातंत्र्य ही किरकोळ गोष्ट नव्हे. म्हणूनच ‘पूर्वीची स्थिर नोकरी बरी होती’ असा उसासा टाकून हा विषय संपत नाही. बदलाचे स्वातंत्र्य हवे आणि त्या बदलात आधी कमावलेले हातचे जाऊ नये, ही खरी गरज आहे.

हिशेबातील खोट

हातचे कसे जाते, हे ग्रॅच्युइटीच्या साध्या गणितावरून कळते. १९७२च्या कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांच्या सेवेची अट घातली. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, तोही अखेरच्या पगाराच्या आधारे, असे तिचे सूत्र आहे. समजा, एका व्यक्तीने एकाच आस्थापनेत ३० वर्षे काढली आणि निवृत्तीच्या वेळी तिचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ६० हजार रुपये झाले. तिला सुमारे १० लाख ३८ हजार रुपये मिळतील.

दुसरीने तीच ३० वर्षे सहा-सहा वर्षांच्या पाच नोकऱ्यांत काढली आणि त्या सोडताना तिचे वेतन अनुक्रमे १२, २०, ३०, ४५ आणि ६० हजार होते असे मानले, तर पाचही ठिकाणची रक्कम मिळून सुमारे ५ लाख ७८ हजार होते. आधी मिळालेली रक्कम गुंतवली तर तफावत काहीशी भरून निघेल, पण नोकऱ्यांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत ती सहसा घरखर्चात जिरते. तिसरीने साधारण सव्वाचार वर्षांच्या सात नोकऱ्या केल्या असतील, तर तिच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. तिघींनीही काम सुमारे ३० वर्षेच केले. फरक आहे तो मालकांच्या संख्येचा.

भविष्य निर्वाह निधीची स्थिती याहून बरी आहे. २०१४मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे नोकरी बदलली तरी सदस्याची ओळख कायम राहते. पूर्वी प्रत्येक कंपनीचे वेगळे खाते असे, रक्कम वळवण्यासाठी अर्ज आणि खेटे घालावे लागत, आणि कंटाळून लोक पैसे काढून घेत. तरीही कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनला पात्र होण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी सुटल्यावर निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतली, की आधीची वर्षे पुसली जातात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ऑक्टोबर २०२५मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही रक्कम काढण्यासाठीची प्रतीक्षा दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. नोकऱ्यांमधल्या खंडामुळे पेन्शन तुटू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु बेकारीच्या काळात घर चालवायचे कशावर, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. कामगाराला आजची चूल आणि उद्याचे पेन्शन यांतून एकाची निवड करायला लावणारी व्यवस्था अपुरीच म्हणावी लागेल.

नव्या संहितांनी काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यात ठरावीक मुदतीच्या नोकरीवरील कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची अट तशीच ठेवण्यात आली. परिणामी एकाच कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी मुदतीच्या करारावरचा तीन वर्षांनी ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडेल आणि तेवढ्याच सेवेनंतर राजीनामा देणारा कायम कर्मचारी रिकाम्या हाताने. सेवेच्या प्रत्येक वर्षाचा मोबदला देय आहे, हे तत्त्व एकासाठी मान्य केल्यावर दुसऱ्यासाठी ते नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही.

ऑनलाइन मंचांवरून काम करणाऱ्यांची सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच दखल घेतली. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१मध्ये अशा कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३०पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. त्यांच्यासाठीच्या निधीत मंच चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद संहितेत आहे. कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या पाच टक्के ही त्यावरील कमाल मर्यादा. दुपारी एका कंपनीची आणि रात्री दुसऱ्या कंपनीची पार्सले पोहोचवणाऱ्या तरुणाचा मालक नेमका कोण, हा वाद न घालता दोन्ही कंपन्यांकडून वर्गणी घेण्याची ही कल्पना आहे.

उत्तर घरातच आहे

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्या कामगारांची एक टोळी सकाळी एका पेढीवर, तर दुपारी दुसऱ्या गोदामावर काम करी. कोणीही व्यापारी स्वत:ला त्यांचा मालक म्हणवून घेत नसे. त्यामुळे निधी नाही, रजा नाही, दुखापत झाली तर भरपाई नाही. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या कामगारांना संघटित केले आणि राज्यात १९६९चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. कामगार आणि व्यापारी दोघांची मंडळाकडे नोंदणी, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने त्यातून मजुरीबरोबर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार द्यायचा, अशी ही रचना आहे. मशीद बंदरपासून वाशीच्या बाजारापर्यंत ती उभी राहिली. खासगी सुरक्षारक्षकांसाठी राज्याने १९८१मध्ये याच धर्तीवर कायदा केला.

या रचनेत दोष शिरले, हेही मान्य करायला हवे. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी होतात. औद्योगिक वसाहतींमध्ये माथाडींच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या बनावट संघटनांचा उपद्रव उद्योजक वारंवार मांडतात, आणि तो खोटा नाही. परंतु हे दोष अंमलबजावणीचे आहेत. मालक कितीही असोत, हक्काची नोंद कामगाराच्या नावावर एकाच ठिकाणी व्हावी, हे मूळ तत्त्व त्यामुळे चुकीचे ठरत नाही. आज प्रत्येक व्यवहाराची नोंद मोबाइलवर होत असताना ते राबवणे १९६९पेक्षा कितीतरी सोपे आहे.

उद्योगांचा आक्षेप असा की, यामुळे खर्च वाढेल आणि भरती कमी होईल. खर्चाचा मुद्दा सर्वस्वी फेटाळता येणार नाही, विशेषत: लहान उद्योगांच्या बाबतीत. पण ग्रॅच्युइटीचा भार आजही विवेकी कंपन्या दरवर्षीच्या हिशेबात धरतातच. पाच वर्षांच्या आत सोडून जाणाऱ्याची रक्कम त्यांच्याकडे राहते, एवढाच फरक. ती दरमहा कामगाराच्या खात्यात जमा होऊ लागली, तर कोणाला पाचव्या वर्षाच्या तोंडावर काढून टाकण्याचा मोहही राहणार नाही.

एका आयुष्यात चार-पाच कामे करणाऱ्याला पूर्वीची पिढी अस्थिर म्हणत असे. आता बाजारपेठच त्याच्याकडून ही अस्थिरता मागते आहे. गरज असेल तेव्हा या, नसेल तेव्हा जा, असे सांगणाऱ्या व्यवस्थेने त्याने प्रत्येक ठिकाणी घातलेली वर्षे मोजण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. नाहीतर साठी गाठलेल्या सुरक्षारक्षकाला, उभे आयुष्य काम करूनही, कागदोपत्री काही वर्षांचीच सेवा दाखवता येईल. गिरणगावात हे एकदा घडून गेले आहे. तेव्हा एका उद्योगाचा अंत झाला होता, म्हणून ते अपवाद मानता आले. पुढच्या वेळी ही सबब उरणार नाही.