विश्लेषण : ताशी ४५ किमीचा वारा म्हणजे नेमका किती जोर?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरण ४ डिसेंबर २०२३चं, नौदल दिनाचं. म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तेव्हा ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा उल्लेख केला होता. पुढे चौकशी झाली, नव्या पुतळ्याचं अनावरणही ११ मे २०२५ रोजी झालं. ४५चा आकडा मात्र हवेतच राहिला. तो जमिनीवर आणायला नववीच्या विज्ञानातलं एक सूत्र पुरतं.

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. वस्तुमान दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. पण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. वाळूने भरलेला डंपर रिकाम्यापेक्षा धोकादायक खराच, पण महामार्गावर ४०चा काटा ८०वर नेणारा चालक त्याहून मोठा घोळ करतो.

वाऱ्यालाही वजन असतं. एक घनमीटर हवा साधारण सव्वा किलोची. ताशी ४५ किमी म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. गणित केलं तर या वाऱ्याच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ९५ ज्यूल ऊर्जा येते आणि तो अडवणाऱ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण दहा किलोचा दाब पडतो. तांदळाच्या एका पिशवीएवढा!

आता भारतीय मानक आयएस ८७५ पाहा. इमारती आणि उंच बांधकामांचा आराखडा करताना शेजारच्या पणजीसाठी त्यात मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १४० किमी. हा वेग ४५च्या तिप्पट, दाब मात्र जवळपास दहापट. १६ मे २०२१ रोजी तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा ते अतितीव्र वर्गात होतं. त्या वर्गाची सुरुवातच ताशी ११८ किमीपासून होते. ४५च्या तुलनेत जवळपास सातपट ऊर्जा.

वारा सरळ रेषेत वाहत नाही, झोत येतात, उंचावर वेग वाढतो, हे खरं. पण ते सगळं आराखड्यात आधीच धरायचं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ४५चा आकडा बचाव ठरत नाही, उलट तोच पुरावा ठरतो. एवढ्या वाऱ्याने जे पडतं, त्याच्या सांध्यांत, वेल्डिंगमध्ये किंवा गंजलेल्या बोल्टमध्ये शोधायला हवं.

मालवणच्या माणसाला हे समुद्राच्या भाषेत सांगता येईल. पाणी हवेच्या आठशेपटीहून जड. त्यामुळे ताशी ४५ किमीच्या वाऱ्याइतकी ऊर्जा पाण्यात यायला त्याने ताशी दीड किलोमीटरने सरकलं तरी पुरे. रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. समोर सिंधुदुर्गाचा तट १६६०च्या दशकापासून याहून कितीतरी जोराच्या लाटा खातो आहे.

नवा पुतळा पहिल्यापेक्षा बराच उंच आहे. उंची दुप्पट केली, ठेवण तीच राखली, तर वारा अडवणारं क्षेत्र चौपट होतं आणि पायथ्याशी कलंडवणारा जोर आठपट. तेव्हा हा पुतळा किती वेगाच्या वाऱ्यासाठी बांधला आहे आणि बोल्ट-सांधे शेवटचे कधी तपासले, या दोन गोष्टी राजकोटच्या प्रवेशद्वारावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. तारीख दर पावसाळ्याआधी बदलावी. फलकाला खर्च तो काय!