आपल्या अंकाला एकच चेहरा पाहिजे



नवं अनियतकालिक काढायचं ठरलं की आपल्यात भांडण होतं ते फक्त मजकुरावर. कविता कुणाची, लेख कुणाचा, संपादकीय किती जळजळीत. नावाची अक्षरं कशी असावीत हा प्रश्न काढला की एखादा शहाणा म्हणतो, "सोड रे, हे चोचले पांढरपेशांचे." मग पहिल्या अंकावर नाव जाड, दुसऱ्यावर तिरपं, तिसऱ्यावर वेलबुट्टीत.

मी सूतगिरणीत उभा राहणारा माणूस. आमच्याकडं सूत किती काउंटचं ते कोनाच्या रंगावरून कळतं. रंगाची गल्लत झाली तर सगळा लॉट अंगावर येतो. ह्याला कुणी चोचले म्हणत नाही. पाळी सुटल्यावर मी गेटवर अंक विकतो. घाईतला माणूस अंक दुरून ओळखतो, तेव्हाच खिशात हात घालतो.

बाबासाहेबांकडं बघा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं, त्याच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं, त्याच्या माथ्यावर ज्ञानोबांच्या ओव्या. पैसा नव्हता, पण पत्र कसं दिसावं ह्याचा विचार होता.

१९७२ ला दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्यांच्या पत्राचा १९६७ चा पहिला अंक आपल्यासारखाच चक्रमुद्रित, चार पानी. मग एमरी डग्लस नावाच्या चित्रकारानं त्याला रूप दिलं. जाड काळी रेघ, एखादाच रंग, आणि चित्रात गरीब काळी माणसं. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही ते चित्र बोलायचं. स्वस्त छपाईला सोसणारी ती रेघच पत्राची ओळख झाली.

स्टेन्सिलवर फोटो उठत नाही. मोठा काळा ठसा भरला तर शाई पसरते, कागद फाटतो. रेघ मात्र उठते. तर रेघच आपली! नावाची अक्षरं एकदाच नीट काढा, पुठ्ठ्यावर जपून ठेवा, दर अंकाला स्टेन्सिलखाली धरून तीच गिरवा. जागा तीच, चिन्ह एकच, किंमत आणि पत्ता ठरल्या ठिकाणी. संपादक बदलला तरी हे बदलायचं नाही.

गुळगुळीत कागदवाल्यांची नक्कल नको. आणि दर मुखपृष्ठावर बाबासाहेब काढले की आपली जबाबदारी संपली, हेही नको. त्यांचा चेहरा उसना घेऊन किती दिवस भागवणार? आपल्या कामाला आपला चेहरा कधी येणार?

आपल्या आज्या-पणज्यांची नावंसुद्धा दुसऱ्यांनी ठेवली. कचऱ्या, धोंड्या. आज स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहायची पाळी आली, तर ते कसंबसं खरडायचं? ज्याला हे चालतं त्यानं खुशाल खरडावं. मी ते गेटवर विकणार नाही.

जयभीम.