नायकाची मैत्रीण मध्यभागी येते तेव्हा

मालिकांमध्ये नायकाच्या मित्रमैत्रिणींचं काम ठरलेलं असतं. सल्ला द्यायचा, हसवायचं आणि बाजूला व्हायचं. त्यांचं घर, त्यांची आई, त्यांची भीती प्रेक्षकाला दिसत नाही. पडद्यावरच्या प्रतिनिधित्वाबद्दल बोलताना आपण ‘आपला माणूस दिसला का?’ एवढंच विचारतो. तो कोणाच्या गोष्टीत दिसला, हेही विचारायला हवं.

नेटफ्लिक्सवरच्या ‘मास्टर ऑफ नन’ या अमेरिकी मालिकेचा नायक देव हा भारतीय वंशाचा अभिनेता आहे. डेनिस ही त्याची कृष्णवर्णीय, समलिंगी मैत्रीण. २०१७ च्या दुसऱ्या सीझनमधला ‘थँक्सगिव्हिंग’ हा भाग मात्र पूर्णपणे डेनिसचा आहे. नव्वदच्या दशकापासून दर काही वर्षांनी, सणाच्या दिवशी, तेच घर आणि तेच जेवणाचं टेबल. देव इथे पाहुणा आहे. डेनिस आईला आपलं सत्य सांगते तेव्हा आई रडते. कृष्णवर्णीय स्त्री म्हणून जगणं आधीच कठीण, त्यात आणखी एका भेदभावाची भर, ही तिची भीती. पुढच्या सणांमध्ये ती हळूहळू बदलत जाते.

हा भाग इतका खरा वाटतो, कारण डेनिसची भूमिका करणाऱ्या लीना वेथ यांनीच तो अझीझ अन्सारी यांच्यासोबत, स्वतःच्या अनुभवातून लिहिला. विनोदी मालिकेच्या लेखनाचा एमी पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. २०२१ चा तिसरा सीझन तर डेनिसभोवतीच उभा राहिला.

आपल्याकडे २०२३ मध्ये ‘मेड इन हेवन’च्या एका भागात पल्लवी मेनके ही दलित लेखिका बौद्ध पद्धतीच्या विवाहाचा आग्रह धरते. दिग्दर्शक नीरज घेवान स्वतः दलित आहेत. अनेकांना तो भाग पाहताना भरून आलं, आणि ते स्वाभाविक होतं. पण या मालिकेत दर भागात नवं लग्न असतं, त्यामुळे पल्लवी त्या भागाबरोबरच निघून गेली. शिवाय आपल्या आयुष्यातल्या गोष्टी श्रेय न देता वापरल्या, असं लेखिका याशिका दत्त यांनी म्हटलं. निर्मात्यांनी ते नाकारलं. या वादात कोणाचं बरोबर, यापेक्षा मोठा प्रश्न उरतो: आपलं जगणं कथा बनतं तेव्हा लेखक म्हणून नाव कोणाचं लागतं?

म्हणून आमच्या मते कसोट्या दोन आहेत. कथा कोणी लिहिली? आणि तो भाग संपल्यावर त्या पात्राचं काय झालं?

दुसऱ्यांच्या वृत्तपत्रात जागा मिळण्याची वाट न पाहता बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला. आंबेडकरी जलशांनी आपलीच माणसं मंचाच्या मध्यभागी उभी केली. आज वस्तीतल्या तरुणांच्या हातात मोबाइल आहे, रील बनवण्याचं कौशल्य आहे. त्याला पटकथालेखनाच्या प्रशिक्षणाची जोड द्यायला हवी. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा अशा कार्यशाळेसाठी बाजूला काढणं आपल्या मंडळांना सहज शक्य आहे. या वर्षीच्या बैठकीत हा विषय मांडूया.