मलपृष्ठावरील नावे

जॅझचे नाव निघाले की आमच्या रसिक मंडळींची मते आधीच ठरलेली असतात. काहींच्या लेखी तो परक्यांचा गोंगाट असतो, तर काहींच्या लेखी हॉटेलात जेवताना मागे मंद वाजणारा निरुपद्रवी नाद. अलीकडे एक तिसरा वर्गही तयार झाला आहे. त्याच्या भ्रमणध्वनीवर ‘पावसाळी संध्याकाळ’ अशा एखाद्या मथळ्याखाली तासन्‌तास जॅझ वाजत असतो. वाजवणारा कोण, असे विचारले तर त्याला तो प्रश्नच विचित्र वाटतो. पहिल्या दोन वर्गांशी आमचे भांडण जुने आहे, तिसऱ्याशी नवे. परंतु तिघांचा दोष एकच आहे. संगीताविषयी मत बाळगायचे, पण ते घडविणाऱ्या माणसांची ओळख करून घ्यायची नाही, हा तो दोष. जॅझच्या बाबतीत हा दोष शिष्टाचाराच्या उल्लंघनापुरता मर्यादित राहत नाही. माणसे न ओळखता जॅझ ऐकणे म्हणजे तो न ऐकणेच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्ही आपल्याच संगीताच्या आधाराने मांडतो. “काल यमन ऐकला,” असे कोणी सांगितले तर आपला पहिला प्रश्न “कोणाचा?” हाच असतो. रागाचे नाव कळले, पण गवयाचे कळले नाही, तर आपल्याला काहीच कळलेले नसते. जॅझमध्येही रचना बहुधा मुखड्यापुरती असते. बारा किंवा बत्तीस मापांचे आवर्तन ठरलेले असते, मुखडा वाजतो आणि मग त्याच आवर्तनावर एकेक वादक आपला विस्तार मांडतो. ज्याला हे आवर्तन मोजता येते, त्याला गोंगाट ऐकू येत नाही. समेची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या कानाला ते मोजणे अवघड जाऊ नये. फरक असला तर तो एवढाच, की येथे “कोणाचा?” या प्रश्नाला एका नावाने उत्तर देता येत नाही. नायकाचे नाव वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर असते. उरलेले चार-पाच जण मलपृष्ठावर असतात, आणि अर्धे संगीत त्यांचे असते.

जॅझमधील सर्वाधिक परिचित ध्वनिमुद्रिकेचेच उदाहरण घेऊ. माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ न्यूयॉर्क येथे २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी मुद्रित झाली. तीत रचना पाच. त्यांपैकी चार रचनांत पियानोवर बिल इव्हान्स आहेत. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच रचनेत विन्टन केली आहेत. पहिली रचना संपून ही दुसरी सुरू होते, मुखड्यानंतरचा पहिला विस्तार केलींच्याच वाट्याला येतो, आणि खोलीतला प्रकाश बदलावा तसे सारे वातावरण बदलते. इव्हान्स यांचे विरळ, अंतर्मुख स्वर जाऊन तेथे ब्लूजची खेळकर, ठसठशीत चाल येते. हा बदल कानाला जाणवतो. पण त्याचे कारण मलपृष्ठ वाचणाऱ्यालाच कळते. तीच गोष्ट सॅक्सोफोनची. टेनरवर जॉन कोल्ट्रेन आणि आल्टोवर कॅननबॉल ॲडर्ली असे दोन भिन्न स्वभाव शेजारी उभे आहेत. पाठीशी पॉल चेंबर्स यांचा डबल बेस आणि जिमी कॉब यांचे ड्रम्स आहेत. या सात जणांतले शेवटचे कॉब २०२० साली निवर्तले. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना काही हरवल्यासारखे वाटले?

नाव न वाचण्याचा परिणाम श्रेयावरही होतो. ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची धून जगभर डेव्ह ब्रूबेक यांची म्हणून ओळखली जाते. १९५९ सालच्या ‘टाइम आउट’ या ध्वनिमुद्रिकेवर नायक ब्रूबेक आहेत हे खरे. परंतु धून रचली आहे त्यांचे आल्टो सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांनी. १९७७ साली मृत्यू पावलेल्या डेझमंड यांनी आपल्या रचनांचे मानधन अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवले. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची जणू मुद्राच असलेली ‘टेक द ए ट्रेन’ ही रचना बिली स्ट्रेहॉर्न यांची आहे. एलिंग्टन यांच्या सावलीत स्ट्रेहॉर्न जवळजवळ तीन दशके राबले. १९६७ साली ते गेले, तेव्हा एलिंग्टन यांनी त्यांच्याच रचनांची एक अख्खी ध्वनिमुद्रिका मुद्रित करून ऋण मान्य केले. नायकाने मान्य केलेले ऋण श्रोत्याने का नाकारावे?

मलपृष्ठाचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे शोधाचा. ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्ड यांनी १९ जून १९६० रोजी ‘ब्लू नोट’ या कंपनीसाठी ‘ओपन सेसमी’ मुद्रित केली. मलपृष्ठावर टेनर सॅक्सोफोनपुढे टीना ब्रूक्स असे नाव दिसते. नावावरून स्त्री वाटेल, पण हे गृहस्थ आहेत. आणि ज्या रचनेवरून ध्वनिमुद्रिकेचे नाव पडले, ती त्यांचीच आहे. या नावाचे बोट धरून पुढे गेले की ‘ट्रू ब्लू’ सापडते. ती मुद्रित झाली त्याच महिन्याच्या २५ तारखेला, आणि तेथे नायक आहेत ब्रूक्स, तर साथीला हबर्ड. एका आठवड्यात दोघांनी एकमेकांची साथ केली. पुढे हबर्ड जगप्रसिद्ध झाले, ब्रूक्स विस्मृतीत गेले. ब्रूक्स यांच्या नावावर कंपनीने चार ध्वनिमुद्रिकांचे संगीत मुद्रित केले. त्यांच्या हयातीत बाजारात आली ती हीच एक. १९७४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. उरलेल्या ध्वनिमुद्रिका नंतर प्रकाशात आल्या, त्या साथीदारांची नावे वाचणाऱ्या मूठभर हट्टी श्रोत्यांमुळे पुन्हापुन्हा ऐकल्या गेल्या. ‘पावसाळी संध्याकाळ’ या मथळ्याखाली ब्रूक्स भेटतीलही कदाचित. पण पुढच्या क्षणी ते निघून जातील आणि कोण आले होते हे कळणारही नाही. तेथे संपूर्ण नामावली असलीच तर ती कोठेतरी आत दडलेली असते. शोधणाऱ्याला सापडते, पण शोधण्याची इच्छाच मरावी अशी ती सारी मांडणी आहे.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो क्षुल्लक नाही. रसास्वादाला नावांची काय गरज? सूर भिडला की पुरे. नावे पाठ करणे ही पंडितांची नाहीतर संग्राहकांची हौस. नावांच्या घोकंपट्टीने कोणी रसिक होत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु आक्षेप घेणारे हेच सज्जन केरीच्या केसरबाईंचे आणि कुर्डीच्या मोगूबाईंचे नाव अभिमानाने घेतात. लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांचे नाव निघाले की कानाची पाळी धरतात. तेथे नाव हा रसास्वादाचा भाग असतो आणि जॅझपाशी येताच तो पांडित्याचा सोस ठरतो. ही विरक्ती नव्हे, हा पंक्तिप्रपंच आहे.

या पंक्तिप्रपंचाची झळ आमच्या घरापर्यंत येते, म्हणून तर हा लेखनप्रपंच. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. सी. रामचंद्र यांच्या ज्या ‘अलबेला’च्या (१९५१) गीतांवर मराठी घरेही डोलली, त्यांमागे या वाझांचा वाद्यवृंद होता. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे भव्य वाद्यमेळ रचणारे सेबास्टियन डिसोझा गोमंतकीयच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या एका विनोदी गीतामुळे हे नाव साऱ्या देशाच्या ओठी आले, पण त्या नावाचा एक थोर संगीतकार २०१२ पर्यंत आपल्यात हयात होता, हे किती जणांना ठाऊक होते? गोमंतकीय आईबापांच्या पोटी मुंबईत जन्मलेले गिटारवादक आमान्सियो डिसिल्वा लंडनला गेले आणि जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट यांच्यासह १९६९ साली त्यांनी ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. तीत ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे. लंडनच्या जॅझमध्ये गोव्याच्या नावाची रचना वाजली, आणि गोव्यात मराठी लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना त्याचा पत्ता नाही!

पत्ता का नाही, याचे उत्तर कटू आहे. भजन, नाट्यगीत, ख्याल हे आपले. बँड, व्हायोलिन, सॅक्सोफोन हे ‘त्यांचे’, अशी वाटणी आम्ही मनातल्या मनात कधीच करून टाकली. चर्चच्या शाळेत सोल्फेज गिरवून मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात पोहोचलेला वादक आमच्या सांस्कृतिक इतिहासात बसेना, म्हणून आम्ही त्याला बाहेर ठेवले. त्याच्या सुरांवर आमचे बालपण गेले, पण त्याच्या नावाला आमच्या पानांवर जागा मिळाली नाही.

दोष तबकड्या काढणाऱ्यांचाही आहे. ‘महल’मधील (१९४९) सर्वांत गाजलेल्या गीताच्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते. गायकांना पुढे आपले नाव मिळाले. वादकांना बव्हंशी ते कधीच मिळाले नाही. परंतु दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्याच नियतकालिकांतील मैफलींचे वृत्तांत चाळावेत. दीड पान गायकाचे वर्णन झाल्यावर अखेरची ओळ ठरलेली असते: “तबला व संवादिनीची साथ समर्पक होती.” कोणाची? ज्या हातांनी तीन तास मैफल तोलून धरली, त्यांना नाव नव्हते काय?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. वृत्तांत लिहिताना साथीदारांची नावे पूर्ण लिहावीत, आणि ती नसतील तर संपादकांनी वृत्तांत परत पाठवावा. संस्थांच्या ग्रंथालयांत ज्या जुन्या ध्वनिमुद्रिका धूळ खात आहेत, त्यांच्या नोंदींत वादकांसाठी एक स्वतंत्र रकाना असावा. सासष्टी-बार्देशच्या गावांतून मुंबईच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवून परतलेले वृद्ध वादक अजून आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून कोणत्या गीतात कोण वाजवीत होते, हे विचारून लिहून घ्यावे. कोकणीतून विचारावे, मराठीतून छापावे. त्याने कोणत्याही भाषेचे काही बिघडत नाही. आणि ज्यांना जॅझ ऐकायचा असेल त्यांनी ‘काइंड ऑफ ब्लू’पासून खुशाल आरंभ करावा, मात्र तबकडी लावण्यापूर्वी वेष्टन एकदा उलटे करावे.