पोटार्थी खेळाडू

मराठीत 'पोटार्थी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पोटार्थी लेखक, पोटार्थी कीर्तनकार, पोटार्थी मास्तर! जणू पोट ही वस्तू फक्त इतरांनाच असते. खेळाडूच्या बाबतीत तर आपले सोवळे फारच कडक आहे. त्याने देशासाठी खेळावे, राज्यासाठी खेळावे, गेला बाजार महाविद्यालयासाठी तरी खेळावे. परंतु तो पैशासाठी, आणि तेही परमुलखात जाऊन खेळला, की आपल्या कपाळाला आठी पडते. या आठीविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

सर्बिया हा जेमतेम ६६ लाख वस्तीचा देश. तेथील नेमान्या मातिच हा फुटबॉलपटू मैदानाच्या मध्यभागी खेळतो. म्हणजे गोल करणारा तो नव्हे. चेंडू अडवणारा, पुढच्याला पोचवणारा, दुसऱ्याच्या यशाची पायवाट झाडून ठेवणारा. याचे आयुष्य पाहा. मायदेशातून तो स्लोव्हाकियात गेला, तेथून इंग्लंडमध्ये चेल्सीकडे, मग हॉलंड, पोर्तुगालमध्ये बेनफिका, २०१४ साली पुन्हा चेल्सी, २०१७ मध्ये मँचेस्टर युनायटेड, पुढे इटलीत रोमा आणि नंतर फ्रान्स. देशाच्या संघातून तो २०२० साली निवृत्त झाला, क्लबांतून मात्र त्यानंतरही खेळत राहिला. आमच्याकडे अशा माणसाला 'भाडोत्री' म्हणून मोकळे झालो असतो. तो मात्र गवंडी जसा या गावाहून त्या गावी कामाला जातो, तसा आपले कसब घेऊन गेला.

हे युरोपातले झाले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या वऱ्हाडचा कापूस एके काळी मुंबईमार्गे ज्या लँकेशायरच्या गिरण्यांत जात असे, त्याच गिरण्यांच्या गावांत पुढे आपले क्रिकेटपटू पोटासाठी गेले. नेल्सन, रिश्टन, हॅस्लिंग्डन, रॉटेन्स्टॉल ही ती गावे. तेथे लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक क्लब एकच पगारी खेळाडू ठेवी. बाकीचे दहा जण त्याच परिसरातले हौशी. पगारी खेळाडूने अर्धशतक काढले की प्रेक्षकांतून पैशाची पेटी फिरत असे. ज्यांना तिकिटाचे पैसे जड जात तेही त्या पेटीत नाणे टाकीत. मला यात काहीही हलके वाटत नाही. तमाशाच्या फडावर दौलतजादा करणाऱ्या आपल्या लोकांना तर मुळीच वाटू नये. सांगलीचे विजय हजारे रॉटेन्स्टॉलकडून खेळले, कोल्हापूरचे दत्तू फडकर नेल्सनकडून, मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडून.

विनू मांकड यांची १९५२ सालची हकीकत तर प्रत्येक क्रीडाप्रेमीने पाठ करावी. त्यांना हॅस्लिंग्डनचे बोलावणे होते. त्यांनी आपल्या क्रिकेट मंडळाला एवढेच विचारले, की इंग्लंडच्या दौऱ्यात मला नक्की घेणार असाल तर सांगा, मी लीगचा करार करीत नाही. मंडळाने शब्द दिला नाही. मांकड हॅस्लिंग्डनला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्यावर बाद झाले, तेव्हा मंडळाला मांकडांची आठवण झाली! हॅस्लिंग्डनने त्यांना मोकळे केले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय ७३ षटके टाकून पहिल्या डावात पाच बळी घेतले. आता सांगा, यात देशाशी कोण वाकडे वागले? भाकरीचा हिशेब विचारणारा, की हिशेब विचारला म्हणून रुसून बसणारे?

सुभाष गुप्ते यांचे तर याहून वाईट झाले. कानपूरला १९५८ साली वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी १०२ धावांत बाद करणारा हा फिरकीचा जादूगार. १९६१ च्या दिल्ली कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीतील सोबत्याने हॉटेलच्या स्वागतिकेला दूरध्वनी केला, तक्रार झाली, आणि शिक्षा सोबत्याबरोबर गुप्त्यांनाही भोगावी लागली. त्यानंतर ते भारताकडून पुन्हा खेळले नाहीत. ३६ कसोटींत १४९ बळी, आणि शेवट असा. पुढे ते सासुरवाडीच्या त्रिनिदादला स्थायिक झाले व २००२ साली तेथेच वारले. देशासाठी खेळणे थोर खरे, पण देशाच्या नावाने कारभार करणारी माणसे नेहमीच थोर असतात असे नाही. खेळाडूपाशी दुसरे दार असले पाहिजे.

हे दार खडकीच्या धनराज पिल्ले याने शोधले होते. १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली आपण ३२ वर्षांनी आशियाई हॉकीचे सुवर्णपदक आणले. लगेच त्याला आणि इतर काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर बसवले गेले. जर्मनीत, फ्रान्समध्ये, मलेशियात, बांगलादेशात क्लबांसाठी खेळून त्याने आपली हॉकी जिवंत ठेवली आणि २००४ ची ऑलिम्पिक स्पर्धाही गाठली.

आता घरच्या अंगणात येऊ. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव पोलीस भरतीत निवडला गेला नाही, हे आपल्यापैकी पहाटे पाचला धावायला जाणाऱ्या कित्येकांनी ऐकलेले असेल. तोच २०२२ साली इंग्लंडात मिडलसेक्सकडून आणि पुढल्या वर्षी इसेक्सकडून काउंटी क्रिकेट खेळला. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळच्या वाढोण्याचा अक्षय कर्णेवार! दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा हा गडी. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी घेतले. वीस षटकांच्या सामन्यात एकही धाव न देणे म्हणजे भरल्या बाजारातून धक्का न लागता बाहेर पडण्यासारखे आहे.

असे असूनही आपल्या घरांत खेळ म्हणजे भरतीसाठी लागणारे गुण किंवा निव्वळ उनाडकी. मधली वाट, म्हणजे खेळ हाच धंदा, ती आपण मुलाला दाखवतच नाही. ही वाट निसरडी आहे हे मान्य. शंभरांत एखादाच टिकतो, गुडघा गेला की सारे गेले. पण मग अशा मुलाच्या हाती काय द्यायचे, याचा विचार कला महाविद्यालयाने नाही करायचा तर कोणी? मातिचसारख्या खेळाडूला दर दोन-तीन वर्षांनी नवी भाषा कानावर घ्यावी लागते. धनराज ज्या देशांत खेळला तेथे मराठी चालत नव्हती. करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचता आले पाहिजे. दुखापत झाली तर पगार मिळेल की नाही, हे कोणत्या कलमात लिहिले आहे ते कळले पाहिजे. आपल्याकडे इंग्रजीचे वर्ग आहेत, अर्थशास्त्र आहे, वाचनालय आहे. मैदानावरच्या मुलाला मात्र आपण हजेरीपुरता ओळखतो, आणि परीक्षा जवळ आली की 'आता चेंडू ठेव बाजूला' एवढेच सांगतो.